शकुंतला : मालकी एकाची, कारभार दुसऱ्याचा

संस्थेच्या मालमत्तेचे व्यवस्थापन म्हणजे केवळ नोंदवही नव्हे. मालक कोण, वापर कोणाचा व देखभाल कोणाकडे, हे त्यात स्पष्ट असावे लागते. या तिन्ही बाबींची फारकत झाल्यास काय घडते, हे वऱ्हाडातील ‘शकुंतला’ रेल्वेने दाखविले.

यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर हा सुमारे १९० किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग ब्रिटिश काळात कापूस वाहतुकीसाठी उभारण्यात आला. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर हे त्याचे जंक्शन, तर अचलपूर हे अमरावती जिल्ह्यातील टोक. स्वातंत्र्यानंतरही मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. गाड्या मात्र मध्य रेल्वेने चालविल्या. १९९४ पर्यंत येथे वाफेचे इंजिन धावत होते. नूतनीकरणाअभावी रूळ जीर्ण झाले आणि अखेर गाड्या थांबल्या.

दुरुस्तीचा खर्च कोणी करावयाचा, हे मालकीच्या नोंदीइतकेच महत्त्वाचे असते.