एम्मा बोव्हारीचें अनुक्त दुःख : कादंबरी आणि दप्तर

इतिहाससंशोधकाचें मुख्य साधन म्हणजे अस्सल कागद. विवाहाची नोंद, हुंड्याची याद, कर्जरोखा, फिर्याद, मृत्यूची नोंद, इतक्यांवरून एखाद्या स्त्रीच्या आयुष्याची चौकट उभी करतां येते. परंतु संसारांत ती सुखी होती कीं नाहीं, या प्रश्नास दप्तर बहुधा उत्तर देत नाहीं. जें दुःख कोणापाशीं बोललें गेलें नाहीं, त्याचा कागद होत नाहीं. अशा ठिकाणीं कादंबरीस साधनाचा मान द्यावा काय, आणि द्यावा तर किती, याचा विचार गुस्ताव्ह फ्लोबेर या फ्रेंच ग्रंथकाराच्या 'मादाम बोव्हारी' या कादंबरीच्या आधारें येथें करावयाचा आहे.

कथा थोडक्यांत अशी. नॉर्मंडी प्रांतांतील एका शेतकऱ्याची कन्या एम्मा रुआं येथील मठांत शिकते. प्रेमकथा वाचून तिच्या मनांत सुखाचें एक चित्र ठसतें. तिचा विवाह शार्ल बोव्हारी या खेड्यांतील दुय्यम प्रतीच्या वैद्याशीं होतो. नवरा कष्टाळू, बायकोवर जीव टाकणारा. पण अरसिक आणि मंद. पुढें दोन प्रियकर, सावकाराचें कर्ज आणि शेवटीं सोमलाचें प्राशन, असा तिचा अंत होतो.

आमच्या अलंकारशास्त्रांत नायिकेच्या आठ अवस्था सांगितल्या आहेत. एम्मा त्यांपैकीं कोणती? पति परदेशीं नाहीं, म्हणून ती प्रोषितभर्तृका नव्हे. त्यानें प्रतारणा केलेली नाहीं, म्हणून खंडिताहि नव्हे. लक्षण काटेकोर लावलें तर ती स्वाधीनभर्तृकाच ठरते. कारण पति सर्वस्वीं तिच्या अधीन आणि सदा सन्निध. म्हणजे शास्त्रानें जी सर्वांत सुखी मानली, तीच येथें दुःखी! विप्रलंभास आलंबन लागतें. एम्माच्या औत्सुक्यास आरंभीं आलंबनच नाहीं. लेओं किंवा रोदोल्फ भेटण्यापूर्वींच तिची तळमळ सुरू झालेली आहे. पुढें लेओंवर मन जडतें, तेंहि प्रथम ती ओठांबाहेर काढीत नाहीं. उलट संसारांत अधिक दक्षतेनें वागते आणि गांवकरी तिची वाहवा करतात. एकदां ती धर्मगुरूकडे मन मोकळें करावयास जाते. त्याचें लक्ष दंगा करणाऱ्या पोरांकडे. हिला अपचन झालें असावें, अशी तो समजूत करून घेतो. ती न बोलतां परतते. दुःख सांगावयास शब्द नाहींत आणि ऐकावयास कोणी नाहीं, अशी ही अवस्था आहे.

या मौनास कायद्याचीहि बाजू होती. १७९२ मध्यें फ्रान्सांत मिळालेली घटस्फोटाची मोकळीक १८१६ मध्यें रद्द झाली, ती १८८४ पर्यंत परत आली नाहीं. एम्माचा संसार या दोन सालांच्या मधला. १८०४ च्या दिवाणी संहितेच्या २१३ व्या कलमानें पत्नीनें पतीची आज्ञा पाळावी असें ठरविलें होतें. १८१० च्या दंडसंहितेप्रमाणें व्यभिचारिणीस तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद. पतीनें राहत्या घरांत रखेली ठेवली तरच त्यास शिक्षा, आणि तीहि केवळ द्रव्यदंडाची.

ही कादंबरी १८५६ च्या अखेरीस 'रेव्ह्यू द पारी' या नियतकालिकांतून निघाली आणि १८५७ च्या जानेवारींत ग्रंथकारावर अनीति पसरविल्याचा खटला झाला. सरकारी वकील पिनार याचा एक आक्षेप मार्मिक होता : या ग्रंथांत नायिकेचा निषेध करील असें एकहि पात्र नाहीं. हें खरेंच आहे. फ्लोबेरची लेखनरीति अशी कीं, अमुक विचार एम्माचा कीं ग्रंथकाराचा, हें चटकन उमगत नाहीं. जें तिला बोलतां येत नाहीं तें निवेदनांतून ध्वनित होतें. पिनारनें दोष वाच्यार्थांत शोधला. त्यास खरी अडचण झाली ती व्यंग्यार्थाची. ७ फेब्रुवारी १८५७ रोजीं न्यायालयानें कानउघाडणी करून ग्रंथकारास निर्दोष सोडलें.

आतां हस्तलिखितांकडे वळूं. १८५१ च्या सप्टेंबरांत आरंभिलेलें हें लेखन १८५६ च्या वसंतांत संपलें. आराखडे, खर्डे, शुद्ध प्रत आणि लेखनिकाची प्रत मिळून साडेचार हजारांच्या घरांत पृष्ठें जपून राहिलीं. ग्रंथकाराच्या भाचीनें १९१४ मध्यें तीं रुआं येथील नगरग्रंथालयास दिलीं, आणि २००९ पासून तीं महाजालावर सर्वांस खुलीं आहेत. एकेक प्रसंग पुनःपुनः लिहिलेला आहे. खर्ड्यांत विस्तारानें असलेलें बरेंचसें अंतिम प्रतींत गाळलें आहे. एम्माचें मौन कांहीं अंशीं या गाळण्यानेंच सिद्ध झालें, असें आम्हांस वाटतें. केवळ छापील ग्रंथ हातीं असता तर हें कळण्यास मार्ग नव्हता.

या कथेचें मूळ री गांवच्या देलामार नामक वैद्याच्या पत्नींत शोधतात. ती १८४८ मध्यें वारली, इतकें निश्चित. विषप्राशनाची कथा मात्र लोकप्रवादावर उभी आहे. तिच्या मनांत काय होतें हें नोंदवह्यांवरून कळणार नाहीं, आणि एम्मावरून तें ठरविणें हा प्रमाणदोष होय.

तात्पर्य, अमुक घटना घडली याचें प्रमाण कादंबरी होऊं शकत नाहीं. परंतु अमुक दुःख त्या काळीं ओळखतां येत होतें, इतकेंच नव्हे तर तें ओळखूं येण्याची सरकारास भीति वाटली, एवढें हा ग्रंथ आणि त्यावरील खटला मिळून सिद्ध करतात. संग्राहकांस विनंति इतकीच कीं, शुद्ध प्रत मिळाली म्हणून खर्डे टाकून देऊं नयेत. हरताळ फासलेली ओळ, समासांतील खोड आणि घरांतील बायकांच्या हातचें चिटोरें हींहि बाडांत राहूं द्यावींत. न बोललेल्या गोष्टींचा माग लागलाच तर तो अशाच ठिकाणीं लागतो.