सतरा नंबरचा फॉर्म आणि प्रयोगशाळेचे दार

शाळा सुटलेल्या पोराला आपल्या वस्तीत एकच सल्ला मिळतो : "१७ नंबरचा फॉर्म भर आणि बाहेरून बस." सल्ला खोटा नाही. या फॉर्मने कामगारांना, लग्न झालेल्या मुलींना पुन्हा परीक्षेला बसवले आहे. पण हा सल्ला बहुतेक वेळा कला शाखेपाशीच का थांबतो?

उत्तर गुणपत्रिकेत आहे. बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रात प्रत्येकी ७० गुण लेखी आणि ३० गुण प्रात्यक्षिकाचे. इतिहासाचे पुस्तक रात्रपाळी करून घरी वाचता येते. टायट्रेशन घरी करता येत नाही. त्याला ब्युरेट लागते, रसायने लागतात, चूक दाखवणारा शिक्षक लागतो आणि प्रयोगवहीवर त्याची सही लागते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून परीक्षा दिली तरी प्रात्यक्षिकासाठी केंद्रावर जावेच लागते. प्रात्यक्षिक रद्द करा, ही मागणी चुकीची ठरेल. प्रयोगाशिवाय विज्ञान म्हणजे पाठांतर. प्रश्न प्रयोगशाळा कोणाच्या ताब्यात आहे, हा आहे.

बाबासाहेबांनी हा प्रश्न ८० वर्षांपूर्वी ओळखला होता. जुलै १९४२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद झाली आणि शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा पाया घातला गेला. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाईसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात त्यांचे म्हणणे स्पष्ट होते : कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्यांची फारशी प्रगती होणार नाही, हवे ते विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण. पण ते आपल्या लोकांच्या ऐपतीबाहेरचे आहे, म्हणून खर्च सरकारने उचलावा. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला २ लाख आणि परदेशी शिक्षणासाठी १ लाख रुपये त्यांनी मागितले. सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी, हीही मागणी केली. म्हणजे त्यांना नुसते पुस्तक नको होते. पोरांच्या हातात यंत्र हवे होते.

१९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, कला आणि विज्ञान दोन्हींचे. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. गरीब विद्यार्थ्याचे वेळापत्रक पाहून संस्थेने आपले वेळापत्रक बदलले.

आता स्वतःला विचारू. नागपुरात आपण विहारांत अभ्यासिका उभारल्या, स्पर्धा परीक्षांची पुस्तके ठेवली. प्रयोगशाळा किती उभारल्या? दीक्षाभूमीवरच्या डॉ. आंबेडकर महाविद्यालयासह शहरात विज्ञानाची महाविद्यालये आहेत, त्यांच्या प्रयोगशाळा आहेत. रविवारी आणि सुट्टीत त्या बाहेरून बसणाऱ्या मुलामुलींना नाममात्र शुल्कात उघडा, ही मागणी आपण संस्थाचालकांकडे आणि शिक्षण मंडळाकडे लावून धरली पाहिजे. वस्तीतले आपले विज्ञान शिक्षक महिन्यातून दोन रविवार देऊ शकत नाहीत का?

'शिका' या शब्दात प्रयोगशाळाही येते. ते दार उघडेपर्यंत १७ नंबरचा फॉर्म अर्धाच न्याय आहे.

जय भीम!