फाटकावरचा न दिसणारा दिवा

स्मरणिका समितीने मला सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या हिशेबावर लेख मागितला होता. पण हिशेब दरवर्षी अहवालात छापून येतात आणि ते कोणी वाचत नाही, हे खजिनदार असताना मी चांगले अनुभवले आहे. म्हणून समितीच्या परवानगीने वेगळा विषय घेतला आहे, तो म्हणजे आपल्या फाटकावरच्या कॅमेऱ्याला रात्री दिसते कसे, आणि ही युक्ती आली कुठून. त्याला एक कारण आहे. 2011 साली ही गोष्ट माहीत नसल्यामुळे आपल्या व्यवस्थापक समितीच्या हातून, म्हणजे माझ्याही हातून, एक चूक झाली. रौप्यमहोत्सवात जमेची बाजू सगळेच लिहितील. नावेची एक नोंद मी मांडतो.

रात्रीच्या पहाऱ्याला उजेड लागतो, ही अक्कल माणसाला फार जुनी. आमच्या लहानपणी गावात रामोशी कंदील घेऊन फिरे. मुंबईत 1865 साली रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले आणि 1882 साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे. पण या सगळ्या दिव्यांत एक अडचण होती. ज्या उजेडात पहारेकऱ्याला चोर दिसतो, त्याच उजेडात चोरालाही पहारेकरी दिसतो. आपल्याला दिसावे पण समोरच्याला दिव्याचा पत्ता लागू नये, असा दिवा कोणाकडे नव्हता.

त्या दिव्याची सुरुवात एका संगीतकाराने केली. विल्यम हर्शेल मूळचे जर्मनीतल्या हॅनोव्हरचे. ते इंग्लंडमध्ये बाथ या गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि रात्री दुर्बिणीतून आकाश बघत. 1781 साली त्यांनी युरेनस ग्रह शोधला. 1800 साली त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाश पाडून त्याचे रंग वेगळे केले आणि कोणता रंग किती तापतो हे पाहायला तापमापक ठेवले. शाळेत आपण ‘तानापिहिनिपाजा’ पाठ केले तोच हा पट्टा. जांभळ्याकडून तांबड्याकडे जाताना पारा चढत गेला. मग तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे ठेवलेल्या तापमापकाचा पारा सर्वांत वर गेला! तिथे प्रकाश होता, पण आपल्या डोळ्यांसाठी नव्हता. यालाच आपण अवरक्त किरण म्हणतो, इंग्रजीत इन्फ्रारेड.

पुढच्याच वर्षी जर्मनीत योहान रिटर यांनी पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, जांभळ्याच्या पलीकडे, अतिनील किरण शोधले. बँकेत कॅशियरच्या टेबलावर नोटा तपासायचा जांभळट दिवा असे, तो याच घराण्यातला. नोकरीची कितीतरी वर्षे मी त्या दिव्याखाली नोटा पाहिल्या. दिवा बदलला की तीच वस्तू वेगळी दिसते, हे खरे तर मला इतरांपेक्षा आधी सुचायला हवे होते.

अवरक्त उजेडाचा पहिला मोठा वापर युद्धात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1945 साली, ओकिनावा बेटावर अमेरिकन सैनिकांनी बंदुकीवर अवरक्त दिवा आणि दुर्बीण बसवून रात्री नेम धरले. पाठीवर बॅटरीचे ओझे असे. जर्मनांनीही तसेच उपकरण बनवले होते. पण शत्रूकडेही तशी दुर्बीण आली, की हाच गुप्त दिवा त्याला टॉर्चसारखा लख्ख दिसणार. पुढे व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकनांनी दिवाच नको म्हणून ताऱ्यांचा अंधुक उजेड हजारो पटींनी वाढवणाऱ्या दुर्बिणी आणल्या. रात्रीच्या कॅमेऱ्यांमध्ये आजही हे दोन पंथ आहेत. एक स्वतः दिवा लावणारा, दुसरा आहे त्या उजेडावर भागवणारा.

घरासाठी कॅमेऱ्याचा विचार आधी केला तो एका परिचारिकेने, हे मला फार आवडले. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मारी व्हॅन ब्रिटन ब्राउन राहत. कामाच्या वेळा अवेळी, पतीही रात्री बाहेर, आणि बोलावले तर पोलीस लवकर येत नसत. पती इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ होते. दोघांनी मिळून दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोके पाडून त्यांवर सरकणारा कॅमेरा, आत पडदा, बोलायची सोय आणि आतूनच कडी काढायचे बटण अशी योजना केली. 1966 साली अर्ज केला, 1969 मध्ये पेटंट मिळाले. आज आपल्या दारावरच्या व्हिडिओ बेलची ही पणजीच म्हणायची.

पण त्या काळच्या कॅमेऱ्यांना रात्री दिसण्यासाठी मोठे तापणारे बल्ब लावून त्यांवर काळपट काच बसवावी लागे. वीज भरमसाट, दिवा तव्यासारखा गरम, आणि तो वरचेवर उडे. सोसायटीला परवडणारे हे काम नव्हते.

ते स्वस्त झाले एका अनपेक्षित शोधामुळे. 1961 साली अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत जेम्स बियर्ड आणि गॅरी पिटमन गॅलियम आर्सेनाइडच्या डायोडवर काम करत होते. उद्देश वेगळाच होता, पण वीज सोडली की त्यातून अवरक्त प्रकाश येतो असे त्यांना आढळले. 1962 साली कंपनीने असा एलईडी विक्रीला काढला, एका नगाची किंमत 130 डॉलर! लाल दिसणारा एलईडी निक होलोन्याक यांनी त्याच वर्षी केला. म्हणजे न दिसणारा एलईडी दिसणाऱ्याच्या आधी सापडला. आज आपल्या घरातल्या टीव्हीच्या रिमोटच्या टोकाला त्याचाच वंशज असतो. नातवंडांना गंमत दाखवा. रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना काही दिसणार नाही, पण पुष्कळ मोबाइलच्या पडद्यावर जांभळट ठिणगी दिसेल. मागचा कॅमेरा दाखवत नसेल तर पुढचा वापरून पाहा.

ती ठिणगी दिसते, कारण कॅमेऱ्याचा डोळा सिलिकॉनचा असतो. 1969 साली बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी ही चकती कल्पिली, ज्यासाठी त्यांना 2009 चे नोबेल मिळाले. आपला डोळा साधारण 700 नॅनोमीटरपर्यंतचा लाल पाहतो. सिलिकॉनला 1100 च्या आसपासपर्यंत दिसते. ही जास्तीची नजर दिवसा रंग बिघडवते, म्हणून भिंगामागे अवरक्त अडवणारी एक काच असते. संध्याकाळी उजेड कमी झाला की ती काच आपोआप बाजूला सरकते आणि एलईडी पेटतात. जिन्याजवळच्या कॅमेऱ्यातून तिन्हीसांजेला ‘टक्’ असा आवाज येतो तो हाच. काही मुले त्याला पाल समजत.

या दिव्यांत दोन जाती असतात. 850 नॅनोमीटरचे लांबवर पोचतात, पण जवळून बारीक लाल ठिपके दिसतात. 940 चे अजिबात दिसत नाहीत, मात्र सिलिकॉनची नजर तिथे मंद असते, म्हणून पल्ला कमी पडतो. शिवाय अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई उरतो. त्यामुळे पाच मीटरवरचा चेहरा पांढराफटक आणि वीस मीटरवरचा माणूस सावलीसारखा. पावसाच्या धारा आणि भिंगासमोरचे कोळ्याचे जाळे उजेड परत फेकतात आणि सगळे चित्र धुक्यात जाते.

आता आमची चूक सांगतो. 2009 साली आपण पहिले चार कॅमेरे बसवले. 2011 च्या पावसाळ्यात बी विंगच्या पार्किंगमधून रात्री अडीचच्या सुमारास एक मोटारसायकल गेली. सकाळी समितीने चित्रण पाहिले. पावसाच्या रेघांमधून एक माणूस गाडी ढकलत नेताना दिसला. चेहरा नाही, पण अंगात स्वच्छ पांढरा शर्ट. आणि आपल्या रात्रीच्या वॉचमनमामांचा गणवेश भिजल्यामुळे ते त्या रात्री स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्यात होते. झाले! कोणी म्हणाले उंची तीच, कोणी म्हणाले चाल तीच. मामा म्हणत होते की आपण तेव्हा मागच्या पंपाजवळ पाणी तुंबले म्हणून गेलो होतो. त्यांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका असे सांगण्यात आले. बैठकीत मीही मान डोलावली.

चौथ्या दिवशी पोलिसांसाठी चित्रणाची प्रत काढायला मी ऑफिसात बसलो होतो. तीच रात्र, वेळ साडेअकरा, फाटकातून एक गृहस्थ आत येताना दिसले. पांढरा शर्ट, हातात पिशवी. नीट पाहिले तर तो मीच होतो. एका लग्नाच्या रिसेप्शनहून परतत होतो. पण माझ्या अंगात त्या दिवशी गडद निळा शर्ट होता, जवळजवळ काळाच म्हणा. घरी जाऊन तो खुंटीवरून काढून पुन्हा पाहिला. निळाच होता.

त्या रात्री तो शर्ट, सौभाग्यवतींची काळी शाल आणि एक काळी छत्री घेऊन मी कॅमेऱ्यासमोर फेऱ्या मारल्या. शर्ट पांढरा, शाल राखाडी, छत्री काळीच. कारण नंतर समजले. कापडाचे बरेचसे रंग अवरक्त उजेड शोषत नाहीत, तो तसाच आरपार जाऊ देतात. मग खालचा धागा तो परत फेकतो आणि कापड पांढरे दिसते. काही रंग मात्र शोषतात. 1910 साली रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने अवरक्त छायाचित्रे प्रसिद्ध केली, त्यात हिरवीगार झाडे बर्फ पडल्यासारखी पांढरी आली होती. आपल्या फाटकाजवळचा आंबा रात्रीच्या चित्रणात तसाच दिसतो. आम्ही तो रोज पाहत होतो, पण आंबा पांढरा कसा, असा प्रश्न कोणाला पडला नाही.

म्हणजे चोराच्या शर्टाचा रंग कोणताही असू शकत होता. आमच्याकडे मामांविरुद्ध काहीही नव्हते. दुसऱ्या दिवशी समितीतले आम्ही तिघे त्यांच्या खोलीवर गेलो आणि माफी मागितली. त्या दिवसांचा पगारही दिला. ते एवढेच म्हणाले, “साहेब, कॅमेरा नवा, मी जुना. तुम्ही नव्याचं ऐकलंत.” ते परत आले, पुढे दोन वर्षे काम करून गावी गेले. मोटारसायकल मिळाली नाही.

आता नव्या कॅमेऱ्यांविषयी. रात्री रंग दिसायचे तर पांढरा उजेड हवा. पांढऱ्या एलईडीसाठी आधी निळा एलईडी लागतो. तो जपानमध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सिद्ध केला, ज्याला 2014 चे नोबेल मिळाले. मागे सर्वसाधारण सभेत पांढऱ्या दिव्यांचे कॅमेरे घ्यावेत का, यावर दोन तास चर्चा झाली. पहिल्या मजल्यावरच्या सभासदांची तक्रार रास्त होती, की रात्रभर खिडकीत उजेड नको. शेवटी एरवी अवरक्तावर चालणारे आणि माणूस दिसला की तेवढ्यापुरता पांढरा दिवा लावणारे कॅमेरे आपण घेतले. आता निदान शर्टाचा रंग खरा कळतो.

नव्या समितीला माझ्या तीन सूचना आहेत. महिन्यातून एकदा कॅमेऱ्यावरची जाळी आणि धूळ काढावी. फाटकावरचा साधा दिवा कॅमेरा आहे म्हणून बंद करू नये. आणि काळ्या-पांढऱ्या चित्रणावरून कपड्याच्या रंगाबद्दल कोणीही, अगदी अध्यक्षांनीही, मत देऊ नये. त्या निळ्या शर्टाची बाही आता विरली आहे, पण तो मी टाकलेला नाही. ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांनी रात्री नऊनंतर माझ्याकडून न्यावा.