आरोग्याच्या खात्यातली न दिसणारी जमा

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, याचा आपल्या सर्वांनाच आनंद आहे. बांधकामाचा, बोअरचा, गणेशोत्सवाचा इतिहास या स्मरणिकेत इतर सभासद लिहीतच आहेत. "काका, तुम्ही जुन्या काळाचं काहीतरी लिहा," असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. माझी सारी नोकरी बँकेत गेली, तीही बहुतेक नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या शाखांत. त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा जमा-खर्च मांडून पाहायची सवय लागली आहे. त्या सवयीने आज एका खात्याचा हिशेब मांडतो. ते खातं म्हणजे आपली सार्वजनिक आरोग्य सेवा.

सुरुवात नारूपासून करतो. आपल्या नातवंडांनी हा शब्दही ऐकलेला नाही. आमच्या पिढीने मात्र नारू घराघरांत पाहिला. माझं बालपण कंधार तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. पिण्याचं पाणी बारवेचं. पायऱ्या उतरून खाली जायचं आणि घागर भरायची. नारू झालेल्या माणसाच्या पायाला फोड यायचा, आणि तो फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली आणि तुटला, की पाय सुजून माणूस आणखी कितीतरी दिवस अंथरुणाला खिळायचा.

पुढे बँकेत लागल्यावर हाच नारू मला वसुलीच्या दौऱ्यात भेटला. पीककर्ज का थकलं म्हणून घरी जावं, तर कर्ता माणूस ओसरीवर पाय धरून बसलेला. ऐन पेरणीत महिनाभर पाय टेकता येत नसेल, तर कर्ज फिटणार कुठून?

नारूवर ना औषध होतं, ना लस. फुटलेला फोड घेऊन माणूस बारवेत उतरला की जंताची पिल्लं पाण्यात जात, तिथल्या बारीक पाणकिड्यांत वाढत, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगातून वर्षभराने नवा नारू निघे. ही साखळी तोडायची तर गावातच जाऊन तोडायला हवी होती. १९८० च्या दशकात देशात नारू निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, त्यात महाराष्ट्रही होता. आरोग्य सेवक घरोघर फिरून रुग्ण शोधत, पाणी फडक्यातून गाळून प्यायला सांगत, पाण्यात औषध टाकत. १९७२ च्या दुष्काळापासून गावोगाव बोअर आणि हातपंप होऊ लागले होतेच. बारवेत पाय घालायची गरज कमी कमी होत गेली. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं.

आमच्या गावातून नारू गेला तेव्हा कुणी पेढे वाटले नाहीत. कधी गेला तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. या खात्याची खरी अडचण इथेच आहे. कर्ज बुडालं तर त्याची नोंद होते. पण एखादं कर्ज बुडालं नाही ते गावच्या आरोग्य सेवकामुळे, याची नोंद करायला आमच्या कुठल्याही लेजरमध्ये रकाना नव्हता.

ही माणसं गावापर्यंत पोहोचली, त्यालाही इतिहास आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झाला. माझ्या लहानपणी डॉक्टर गाठायचा तर बैलगाडीने तालुक्याला जावं लागे. खेड्यात येणारा सरकारी माणूस म्हणजे देवीची लस टोचणारा. त्याच्या खुणा आमच्या दंडावर अजून आहेत. आरोग्य सेवा गावाजवळ न्यावी, अशी शिफारस भोर समितीने १९४६ मध्येच केली होती. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं त्यांच्याकडे गेली. पुढे तीस हजार लोकसंख्येला एक केंद्र आणि पाच हजाराला एक उपकेंद्र, असं माप ठरलं. नांदेडला वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये झालं, लातूरला २००२ मध्ये. म्हणजे मोठी रुग्णालयं फार नंतर आली. तोवर गावाचा भार नर्सबाईंनीच वाहिला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी लातूर जिल्ह्यातच होतो. ढिगारे उपसणारे जवान सर्वांच्या लक्षात आहेत, आणि ते योग्यच आहे. पण त्याच दिवसांत पत्र्याच्या शेडमधून पाण्यात क्लोरीन टाकत, जुलाब-तापाची चौकशी करत फिरणारे आरोग्य कर्मचारी फार थोड्यांना आठवतात. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवांचा सुळसुळाट झाला आणि पाठोपाठ प्लेगचे संशयित रुग्ण निघाले. सप्टेंबरात सुरतेत प्लेगची घबराट उडाली, लोक गाड्या भरभरून शहर सोडू लागले. साथीची पहिली चाहूल मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाला लागत नाही, ती गावात फिरणाऱ्या माणसाला लागते.

आता आपल्या सोसायटीकडे येऊ. इथे राहायला आलो तेव्हा पल्स पोलिओच्या रविवारनंतर कर्मचारी दारोदार येत, मुलांच्या करंगळीवरची शाई पाहत आणि दारावर खडूने खूण करून जात. "आमची मुलं खाजगी डॉक्टरांकडे जातात," असं सांगून काही घरांनी त्यांना परत पाठवलं, तरी त्या पुन्हा आल्या. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. आज आपल्या आवारात पळणाऱ्या मुलांच्या पायांत त्या खडूच्या खुणांचाही वाटा आहे. कोरोनात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत ऑक्सिमीटर घेऊन जिने चढणाऱ्या आशाताई तर सर्वांना आठवत असतील. त्यांना पगार नाही, मानधन मिळतं.

याच खात्याची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या चोवीस तासांत आपल्या नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयात चोवीस रुग्ण दगावले, त्यात बारा नवजात बालकं होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मनुष्यबळ, औषधं, स्वच्छता यांवर प्रश्न उठले, आणि ते उठायलाच हवेत. बारा घरांतले पाळणे रिकामे राहिले, त्याचा जाब कुणीतरी दिलाच पाहिजे. पण तिथे रुग्ण येतात ते हिंगोली, परभणी आणि सीमेपलीकडच्या तेलंगणातूनही, आणि पुष्कळदा अगदी शेवटच्या घटकेला. सगळ्या शाखा बंद करून एकाच मुख्य शाखेवर रांग लावली तर जे होईल, ते तिथे होतं. गरोदर बाईची वेळेवर तपासणी, कमी वजनाच्या बाळावर लक्ष, ही कामं घराजवळच व्हायला हवीत. ती तिथे झाली नाहीत, तर मोठं रुग्णालय कितीही वाढवा, पुरणार नाही.

"आपल्याला काय त्याचं, आपला मेडिक्लेम आहे," असं आपल्यापैकी काहीजण म्हणतात. मेडिक्लेम आजारी पडल्यावर बिल भरतो. शेजारच्या वस्तीतला डेंग्यूचा डास मात्र पॉलिसी विचारून चावत नाही.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात कार्यकारिणीसमोर एक विनंती ठेवतो. महिन्यातून एक दिवस आपला हॉल महापालिकेच्या लसीकरणासाठी विनामूल्य द्यावा आणि मागच्या वस्तीतल्या आयाबायांनाही तिथे येऊ द्यावं. टाकी तपासायला येणाऱ्या कर्मचाऱ्याला वॉचमनने गेटवरून परत पाठवू नये. आणि आशाताई जिना चढून आल्या, तर त्यांना आधी बसायला खुर्ची आणि पाणी द्यावं. सोसायटीला याचा खर्च जवळजवळ शून्य आहे.