सांध्यातला तडा

१९५९ साली एम. एल. विल्यम्स यांचा एक लेख आला, तोही अमेरिकेतल्या भूकंपशास्त्राच्या नियतकालिकात. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना चिकटलेत आणि तडा नेमका सांध्यात आहे. मग टोकापाशी ताण किती? गणिताने विचित्र उत्तर दिलं. टोकाच्या अगदी जवळ ताण ओढ-दाब-ओढ असा हेलकावतो, आणि त्यामुळे तड्याचे दोन काठ चक्क एकमेकांत घुसतात. कागदावर घुसोत बापडे. ॲल्युमिनियम ॲक्रिलिकमध्ये घुसत नाही.

संगणकावर तडा पळवायचा तर आणखी पंचाईत. पदार्थ जाळीत वाटून सांध्यावरचे बिंदू एकेक करून सोडत जायचे, पण कुठला कधी सोडायचा हे माणसानेच आधी सांगायचं. म्हणजे तड्याचा वेग शोधायला बसायचं आणि तोच हाताने भरायचा!

सुटकेची वाट जुनीच होती. १९६० च्या आसपास रशियात बॅरनब्लॅट आणि ब्रिटनमध्ये डगडेल म्हणाले होते की टोकापुढच्या चिंचोळ्या पट्ट्यात दोन्ही काठांनी एकमेकांना अजून धरलेलं असतं. ॲलन नीडलमन यांनी १९८७ मध्ये ही पकड सूत्रात बांधली, पण वेगळ्याच कामासाठी: धातूतला कठीण कण भोवतालापासून सुटून पोकळी कशी होते ते पाहायला. सूत्र साधं आहे. समोरासमोरचे दोन बिंदू दूर ओढा. प्रतिकार चढतो, शिखर गाठतो, उतरतो, शून्य होतो. त्या आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे सांधा सोडवायला लागलेली ऊर्जा. हे सूत्र सांधाभर पेरलं की कुठे, कधी, किती वेगाने सुटायचं ते तडाच ठरवतो.

शू आणि नीडलमन यांनी १९९६ मध्ये हेच संगणकावर ॲक्रिलिक-ॲल्युमिनियमच्या जोडीवर चालवलं. पृष्ठभागावरून धावणाऱ्या रॅले लहरीचा वेग ही तड्याची कमाल मर्यादा, असं पुस्तकात शिकवतात. ॲक्रिलिकमध्ये ती सेकंदाला एक किलोमीटरहून थोडी कमी. ॲल्युमिनियममध्ये जवळपास तिप्पट. सांध्यातल्या तड्याने यातली छोटी मर्यादा ओलांडली. कॅलटेकमध्ये रोझाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ॲक्रिलिक-पोलादाच्या जोडीवर आघात करून, अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपताना ते आधीच दिसलं होतं.

शू-नीडलमन यांच्या गणनेत वेग वाढला तशी नुसत्या ओढीला घसरणीची जोड वाढत गेली. काही वेळा टोकाजवळ काठ बऱ्याच लांबीवर पुन्हा एकमेकांना टेकले. टेकले, घुसले नाहीत.