खोट्या उन्हाची कुळकथा

पावसाळ्यात नालासोपाऱ्यात लाइट जाणं ही काही बातमी नव्हे. पण सोसायट्यांच्या गच्चीवर सौर पॅनेल आली आणि त्या अंधाराला एक अट चिकटली: महावितरणची वीज गेली की गच्चीवरच्या इन्व्हर्टरनं दोन सेकंदांच्या आत वीजजाळ्यापासून सुटं व्हायचं. नाही झाला, तर लाइन बंद समजून तारेला हात घालणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेततं. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांत ही मुदत आहे. इन्व्हर्टरला ती पाळता येते का, हे बघायला अख्ख्या वसईची लाइट घालवणार कोण?

ही अडचण सोलरच्या कितीतरी आधीची. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत हॅरल्ड हेझन आणि जनरल इलेक्ट्रिकच्या मंडळींनी रोधक, कॉइल नि कॅपॅसिटर मांडून वीजजाळ्याची खोलीभर प्रतिकृती उभी केली. गणित सोडवत बसायचं नाही, थेट मीटर लावून मोजायचं! पुढे संगणक आले, तशा या प्रतिकृती अडगळीत गेल्या. संगणकाचं उत्तर अचूक असायचं, पण जाळ्यातल्या एका सेकंदाचा हिशेब करायला त्याला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागे. अशा मंदगती यंत्राला खराखुरा कंट्रोलर जोडून काय उपयोग?

कंट्रोलर जोडून तपासण्याची गरज मात्र होतीच. वसईच्या शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, पडघ्याला, चंद्रपूरहून ७५२ किलोमीटरची एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाची डीसी, लाइन येते. १५०० मेगावॅटची, १९९९ ची. असल्या लाइनची कंट्रोल पॅनेल जागेवर बसवण्याआधी जाळ्याची नक्कल करणाऱ्या सिम्युलेटरला जोडून तपासतात. पूर्वी त्यासाठी चिमुकल्या थायरिस्टरांची खरी मॉडेल लागत. १९८९ मध्ये कॅनडातल्या विनिपेगच्या मॅनिटोबा एचव्हीडीसी संशोधन केंद्रानं हेच काम संगणकावर, घड्याळाच्या बरोबरीनं करून दाखवलं. हिशेबाचं पाऊल साधारण ५० मायक्रोसेकंदांचं, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या एका आवर्तनात ४०० पावलं. जाळ्यासाठी तेवढं पुरलं.

सोलरला पुरेना. इन्व्हर्टरमधले स्विच सेकंदाला दहा-वीस हजार वेळा उघडझाप करतात; एक पाऊल पडेस्तोवर स्विच लागून सुटलेलाही असतो. मग प्रोसेसरऐवजी एफपीजीए चिप आली. तिच्यात हिशेब एकामागून एक न होता शेकडो ठिकाणी एकदम होतात, आणि पाऊल मायक्रोसेकंदावर, त्याच्याही खाली उतरलं.

आज टेबलावर दिसतं ते एवढंच: इन्व्हर्टरचं तळहाताएवढं कंट्रोल कार्ड, एक रिबन केबल आणि एक डबा, म्हणजेच सिम्युलेटर. इन्व्हर्टरमधल्या आयजीबीटी स्विचांकडे जायचे पल्स डब्यात शिरतात. डबा करंट-व्होल्टेजचा हिशेब करून दहा व्होल्टच्या आतले सिग्नल परत पाठवतो. कार्ड त्यालाच सातशे व्होल्ट समजतं. ढग आणायचा? ऊन चौरस मीटरमागे हजार वॅटवरून दोनशेवर ओढायचं. लाइट घालवायची? एक क्लिक. कार्ड चुकलं तरी धूर निघत नाही, महागडं मोड्यूल उडत नाही. कार्डाला असं फसवणं मला तरी इंजिनिअरिंगमधली सर्वांत सज्जन लबाडी वाटते.

अर्थात अर्नाळ्याची खारी हवा कनेक्टरचं काय करते, ते या डब्याला कळत नाही. आणि वीज गेल्यावर सुटं होण्याची आयएस १६१६९ ची चाचणी शेवटी खऱ्या इन्व्हर्टरवरच होते.