हिमाच्या पोटातला थर

दौंड तालुक्यातल्या केडगावात हिम पडत नाही. हे गाव ऊस, गूळ आणि अधूनमधून येणारे अवर्षण ओळखते. तरीही हिमाच्या अभ्यासाचा इतिहास आपल्याला केडगावापासून सुरू करता येतो, आणि तो पंडिता रमाबाईंमुळे. १८९६-९७ च्या दुष्काळातल्या निराधार मुलींसाठी त्यांनी केडगावच्या शेतावर निवारा उभा केला. त्याआधी वीस-एक वर्षांपूर्वी, आईवडील गेल्यावर, त्या भावाबरोबर पायी उत्तर हिंदुस्थानात हिंडत होत्या. झेलमच्या काठी थंडीत अंगावर पुरेसे पांघरूण नव्हते. तेव्हा दोघांनी नदीकाठी खड्डे खणले आणि डोके उघडे ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. १९०७ सालच्या आत्मकथनात त्यांनी ही हकिगत सांगितली आहे.

वाळूने ऊब कशी दिली? कोरड्या वाळूच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते. ही अडकलेली हवा उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे अंगाची उष्णता लवकर बाहेर जात नाही. ताजे हिम या बाबतीत वाळूच्याही पुढे आहे, कारण त्याच्या आकारमानात नव्वद टक्क्यांहून अधिक हवाच असते. म्हणून बाहेर उणे २० अंश तापमान असले, तरी जाड हिमाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास राहते. डोंगरातली झाडेझुडपे आणि बिळांतले प्राणी या पांघरुणाखाली हिवाळा काढतात.

पण याच गुणातून हिमस्खलनाचा धोकाही जन्माला येतो. समजा, हिमाची जाडी १ मीटर आहे, तळाचे तापमान शून्य अंश आणि पृष्ठभागाचे उणे १५ अंश आहे. म्हणजे दर मीटरला १५ अंशांचा फरक झाला. हा फरक दर मीटरला साधारण १० अंशांच्या वर गेला की हिमाच्या आत उलथापालथ सुरू होते. तळाच्या उबदार कणांपासून वाफ निघते, वर सरकते आणि थंड कणांवर गोठते. काही आठवड्यांत एकमेकांना चिकटलेल्या बारीक कणांच्या जागी मोठे, पैलूदार, सुटे स्फटिक तयार होतात. मुठीत धरले तर ते साखरेसारखे ओघळून जातात.

आता हेच गणित ४० सेंटिमीटर जाडीसाठी करून पाहू. तापमाने तीच ठेवली तर फरक दर मीटरला ३७ अंशांच्या वर जातो. म्हणजे ज्या वर्षी हिम कमी पडते आणि थंडी कडक असते, त्या वर्षी तळ अधिक कमकुवत होतो. पुढे एखाद्या वादळात त्यावर जड, घट्ट थर बसतो. साखरेवर लादी ठेवावी तशी ही अवस्था असते. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल, तर स्कीवरून जाणाऱ्या एका माणसाचे वजनही ती लादी सुटायला पुरते. अशा अपघातांत बहुतेक वेळा लादी सोडवणारा माणूस म्हणजे बळी पडलेला किंवा त्याचाच सोबती असतो.

ही गोष्ट माणसाला कळायला फार काळ लागला. आल्प्समधल्या गावांना स्खलनाच्या वाटा पिढ्यान् पिढ्या माहीत होत्या. त्या वाटांवर ते घरे बांधत नसत आणि वरचे जंगल तोडू देत नसत. स्वित्झर्लंडचे वनाधिकारी योहान कोआझ यांनी १८८१ साली आपल्या देशातल्या हिमस्खलनांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. स्खलन कुठे होते, याच्या नोंदी अशा जमत गेल्या. ते आज होईल की नाही, हा प्रश्न मात्र उरला.

त्याचे उत्तर शोधण्याचे काम १९३० च्या दशकात दावोसजवळ सुरू झाले. रॉबर्ट हेफेली हे मृदा-यांत्रिकीचे अभियंते होते आणि हेन्री बाडर खनिजशास्त्रज्ञ. एकाने हिमाकडे मातीच्या थरांसारखे पाहिले, दुसऱ्याने स्फटिकांसारखे. हिमात खड्डा खणायचा, त्याच्या भिंतीवर थर मोजायचे, प्रत्येक थराचे तापमान आणि कठीणपणा नोंदवायचा, अशी पद्धत रुजली. १९४२ साली तिथे संस्था स्थापन झाली आणि १९४५ पासून ती स्खलनाचा इशारा देऊ लागली. इशारा असूनही १९५०-५१ च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये अडीचशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर धोक्याचे नकाशे आणि उतारांवरचे अडसर यांच्या कामाने वेग घेतला. १९९३ साली युरोपीय देशांनी धोक्याची पाच पायऱ्यांची एकच मोजपट्टी स्वीकारली. सर्वाधिक बळी पाचव्या पायरीला जात नाहीत, ते तिसऱ्या पायरीला जातात. पाचव्या पायरीला लोक घरी बसतात. तिसरीला आकाश निळे असते आणि पाय बाहेर ओढतात.

आपल्याकडे १९६९ साली मनालीला हिम व हिमस्खलन अध्ययन संस्था सुरू झाली. २०२० मध्ये ती संरक्षण संशोधन खात्याच्या चंदीगड येथील भू-माहिती संस्थेत विलीन झाली. हिमालयात एकच नियम सर्वत्र चालत नाही. पीर पंजालमध्ये हिम भरपूर आणि तुलनेने उबदार असते, तर काराकोरममध्ये ते कोरडे आणि अतिथंड असते. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्गला प्रशिक्षण घेणारे १७ सैनिक स्खलनात गेले. जानेवारी २०१७ मध्ये गुरेझच्या स्खलनांत गेलेल्यांमध्ये महाराष्ट्राचे जवानही होते. गुलमर्गच्याच परिसरात २०२३ आणि २०२४ साली परदेशी स्कीपटू बळी पडले. गाडलेल्या माणसाला पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढले तर तो बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर तिघांतला एकच वाचतो. बाहेरून मदत येईपर्यंत ही वेळ निघून गेलेली असते. म्हणून सोबत्यांजवळ संकेतयंत्र, शोधकाठी आणि फावडे असावेच लागते.

वर्गात हे दाखवायला हिम लागत नाही. एका फळीवर जाडेभरडे कापड घट्ट बसवा. त्यावर चाळणीने कणीक पसरून हलकेच दाबा आणि फळी हळूहळू उचला. लादी सुटते तो कोन कोनमापकाने मोजा. मग कापडावर आधी साखरेचा थर द्या, वर तितकीच कणीक दाबा आणि पुन्हा मोजा. दोन्ही वेळा वरचा भाग सारखाच दिसतो, कोन मात्र वेगळा येतो. प्रत्येक मोजणी तीनदा करून सरासरी काढायला मुलांना सांगावे.

हा पाठ आपल्या जिल्ह्यालाही परका नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे दगावली. तिथे पावसाचे पाणी मुरलेली माती होती, हिम नव्हते. पण उतार, वरचे वजन आणि आतला कमकुवत थर हे तीन प्रश्न तेच होते. आज आपले कितीतरी माजी विद्यार्थी डिसेंबर-जानेवारीत हिमालयात पदभ्रमणाला जातात. जाण्यापूर्वी त्यांनी आयोजकांना विचारावे: वाटेवरचा आणि वाटेच्या वरचा उतार किती अंशांचा आहे? शेवटचे हिम कधी पडले? आणि या हंगामात तिथे खड्डा खणून थर कोणी पाहिले आहेत का? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर वाट बदलायला हरकत नाही.